मागण्यातील साधना



वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात उभे राहिले, की घरधनी बाहेर गेले आहेत असे आतून सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. देणाऱ्याला आपण दाता म्हणून मान देतो. मागणारा मात्र उपद्रव ठरतो. पण मागणे हीदेखील साधना होऊ शकते काय, एवढाच प्रश्न आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बौद्धांच्या दहा पारमितांत दान पहिले. भिक्षू पात्र घेऊन दारी येतो, तोंडाने मागत नाही; मिळेल ते घेतो, न मिळाल्यास पुढे जातो. या जुन्या आचाराला इंग्लंडात एक नवे रूप मिळाले. संघरक्षितांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापलेल्या बौद्ध संघातील मंडळींनी १९८० साली एक निधी उभारला. तो पुढे ‘करुणा ट्रस्ट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचे स्वयंसेवक काही आठवडे एका घरात राहत, एकत्र ध्यान करीत आणि संध्याकाळी अनोळखी दारे ठोठावीत. दरमहा थोडे थोडे द्या, असे त्यांचे सांगणे. त्या पैशाच्या साह्याने महाराष्ट्रात वसतिगृहे, बालवाड्या आणि आरोग्याची कामे चालली.

आता पाहा. दहा दारे बंद झाली, की अकराव्या दारी मन आंबते. समोरचा माणूस माणूस न राहता रक्कम वाटू लागतो. त्या क्षणी राग आवरून त्याचे भले चिंतणे, ही मैत्रीभावना आसनावर बसून करण्यापेक्षा कठीण आहे. झोळी स्वतःची नसल्यामुळे अपमान गिळता येतो, आणि मिळाले तरी ताठा धरण्यास जागा राहत नाही.

परंतु यात एक मोठा धोका आहे. पैसा लवकर यावा म्हणून दुसऱ्याचे दैन्य दारोदार विकले, तर ज्याच्यासाठी मागावयाचे त्याचाच मान जातो. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांनी नवदीक्षित बांधवांना मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्यास सांगितले. ऐकणारे बहुतेक गरीब होते. पण बाबासाहेबांनी त्यांना याचक मानले नाही, दाते मानले.

म्हणून मागणाऱ्याची खरी परीक्षा जमलेल्या रकमेत नाही. ज्याच्यासाठी मागितले, तो माणूस आपल्या मागे उभा राहून ऐकत असता, तर त्याची मान खाली गेली असती काय? ‘नाही’ असे उत्तर छातीवर हात ठेवून देता आले, तर ते मागणे साधना झाले.