पीएच.डी. झाल्यानंतर
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



पीएच.डी. झाली म्हणजे सुटलो, असं आम्हां उभयतांना वाटत होतं. पण 2006 साली प्रबंध दिला, शिष्यवृत्ती थांबली आणि वर्षभर घर सौ.च्या शिलाई मशीनवर चाललं. डिग्री एकाची, झळ दोघांना!

आमचा विषय पुराच्या पाण्याचा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्याच खोलीत कमरेएवढं पाणी. आई म्हणाली, "एवढा शिकतोस, मग सांग, हे पाणी जात का नाही?"

2007 मध्ये दोन वर्षांच्या करारावर आम्ही हॉलंडला, डेल्फ्टला गेलो. त्या देशाचा साधारण चौथा भाग समुद्रसपाटीखाली. 1953 च्या पुरात तिथं 1,836 माणसं गेली, मग त्यांनी समुद्रच अडवायला घेतला. रॉटरडॅमजवळ 210 मीटर लांबीचे दोन दरवाजे आहेत. त्या नोव्हेंबरात ते वादळासाठी प्रथमच मिटले. आम्ही रात्रभर जागे होतो.

फोनवर आईला सांगितलं, "इथं पाणी समुद्रातून येतं. आपल्याकडे वरून पडतं, आणि भरती असली की नाल्यातून बाहेर जात नाही. ते उपसावंच लागतं."

"मग या उपसायला," ती म्हणाली.

2009 ला परतलो. पगार तिथल्यापेक्षा फारच कमी, खोटं कशाला बोला? पण आईची शेवटची चार वर्षं आम्हांला मिळाली. गल्लीत पाणी भरलं की अजून हाक येते, "डॉक्टर, केव्हा ओसरणार?" आम्ही भरतीची वेळ बघून सांगतो.