ख्रिस्ती संसारातील आनंद



‘आनंद’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. लग्नपत्रिकेच्या पहिल्या ओळीत तो असतो, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांच्या उपदेशांत तर तो इतक्या वेळा येतो की, बाप्तिस्मा घेतला म्हणजे घरात भांड्याला भांडे लागणे बंद होते, असे ऐकणाऱ्यास वाटावे. मी जन्मभर शाळामास्तर होतो. पुस्तकातील सुवाच्य कित्ता आणि मुलाच्या वहीतील अक्षर यांमध्ये किती अंतर असते, हे मला पुरते ठाऊक आहे. म्हणून आज कित्ता बाजूस ठेवून एक वही आपणांपुढे उघडतो. ही वही आहे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या संसाराची.

या दांपत्याचे लग्न सुमारे १८८० साली झाले. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, वधू अकरा-बारा वर्षांची. लक्ष्मीबाईंस अक्षरओळख नव्हती. ती पुढे पतीनेच करून दिली. टिळक बुद्धिमान, कवी, कीर्तनकार, शीघ्रकोपी आणि एका जागी न टिकणारे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या उपदेशांत या तारखेचा उल्लेख मोठ्या अभिमानाने होतो, आणि तो योग्यही आहे. परंतु त्याच दिवशी एका ब्राह्मण स्त्रीचा संसार, तिची संमती नसताना, मोडून पडला, हेही सांगावयास हवे. मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. पती जिवंत, आणि तरीही पत्नीने त्याच्याजवळ जावयाचे नाही, अशी त्या काळची समाजरचना. लक्ष्मीबाईंनी ही चार-पाच वर्षे आप्तांच्या आश्रयाने काढली. त्यांतील काही पंढरपुरात गेली. त्या दिवसांतील त्यांची मनःस्थिती त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आहे. ती मी माझ्या शब्दांत सांगू जाणार नाही.

मग, ‘ख्रिस्ती श्रद्धेने संसारात आनंद येतो तो हाच काय?’ असे कोणी विचारील. विचारावेच. आमच्या लग्नविधीत इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे त्यातील वचन वऱ्हाडी मंडळींस पाठ असते. पण मास्तराच्या सवयीने वचने मोजली तर असे दिसते की, पत्नीस उद्देशून तेथे तीन वचने आहेत, आणि पतीस उद्देशून त्याहून दुपटीहून अधिक. त्यांच्याही आधीचे वचन उभयतांस एकमेकांच्या अधीन होण्यास सांगते. पतीने कशी प्रीती करावी? तर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी, म्हणजे स्वतःस देऊन टाकून. १८९५ साली टिळकांनी देवास सर्वस्व दिले, पण त्या सर्वस्वात जिचा वाटा होता तिला विचारले नाही, असे माझे मत आहे. या मताने टिळकांची थोरवी उणावत नाही.

टिळकांचे मन मात्र पत्नीपासून फिरले नव्हते. त्यांनी तिचा नाद सोडला नाही आणि तिने त्यांचा सोडला नाही. अखेर लक्ष्मीबाई मुलासह अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या. पण कशा आल्या? स्वतःचे सोवळे घेऊन आल्या. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘आता तू माझ्या धर्माची झाली पाहिजेस’ असा हुकूम झाला असता, तर त्या काळच्या किती स्त्रियांस तो मोडता आला असता? लक्ष्मीबाईंना स्वतःच्या पायांनी चालू देण्यात आले.

त्यांचे माहेर जलालपूरचे. वडिलांचे सोवळे असे कडक, की बाजारातून आलेली वस्तू पाण्याने शुद्ध केल्यावाचून घरात यावयाची नाही. अशा घरची ही लेक. राहुरीच्या मुक्कामात तिने एक प्रश्न स्वतःशीच सोडविला: जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर मिळाले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास तिला अडचण उरली नाही. आधी जातीचा अभिमान गळाला, मागाहून ख्रिस्तावर श्रद्धा बसली, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हे वाचताना मला योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावचे लग्न आठवते. द्राक्षारस सरला, लग्नघरची अब्रू जाण्याची वेळ आली, आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, ही कथा सर्वश्रुत आहे. पण ते पाणी कशात भरले होते, याकडे आपले लक्ष जात नाही. यहूदी लोकांच्या शुद्धीकरणाच्या रीतीसाठी ठेवलेले ते सहा दगडी रांजण होते. आजच्या मापाने एकेकात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावावे. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे, दगडाला विटाळ होत नसे, म्हणून ते दगडी. आपल्याकडील सोवळे जाणणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. म्हणजे ते सोवळ्याचेच पाणी होते. येशूने ते ओतून दिले नाही, रांजणही फोडले नाहीत. काठोकाठ भरा म्हणाला, आणि त्यातूनच पाहुण्यांस पुरून उरेल एवढा द्राक्षारस निघाला. लक्ष्मीबाईंच्या घरचे पाणी असेच पालटले. जे पाणी माणसास दूर ठेवण्यासाठी भरले जाई, तेच पुढे त्या घरी येईल त्यास मिळू लागले. दुष्काळाने पोरकी झालेली मुले त्या घरात वाढली. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या सेवेस गेल्या. बालकवी ठोंबरे त्या घरी पोटच्या मुलाप्रमाणे राहिले.

भांडणे थांबली काय? मुळीच नाही. हाती आलेला पैसा हाती ठेवण्याची कला टिळकांस कधी साधली नाही. दारी आलेल्यास देऊन ते मोकळे होत, आणि उद्याच्या डाळतांदळाची चिंता घरधनिणीच्या वाट्यास येई. त्यांचा संतापही सुटला नाही. परंतु लक्ष्मीबाई हे सर्व सांगतात ते हसत सांगतात. पतीस हसतात, त्याहून अधिक स्वतःस हसतात. कडवट झालेल्या माणसास असे हसता येत नाही. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता, आणि तरी त्या चार अध्यायांच्या छोट्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. तो आनंद सोयीसवलतींचा नव्हे, लक्ष्मीबाईंचाही नव्हे. ज्याला क्षमा मिळाली आहे त्याला दुसऱ्याचे देणे फार काळ वहीत मांडून ठेवता येत नाही, असा त्याचा उगम असावा.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. पुन्हा एकदा पतीच्या अंतःकरणातील हाक पत्नीच्या चुलीपर्यंत येऊन पोहोचली. हा निर्णय लक्ष्मीबाईंस सोपा गेला असेल असे समजण्याचे कारण नाही. पण या वेळी १८९५ ची पुनरावृत्ती झाली नाही. घर दुभंगले नाही.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस निवर्तले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावयाचे त्यांनी मनात घेतले होते. ‘ख्रिस्तायन’ हे त्याचे नाव; परंतु त्यांच्या हातून आरंभीचे अध्यायच तेवढे झाले होते. पुढचे बहुतेक सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या स्त्रीस लग्नानंतर बाराखडी शिकावी लागली, आणि जिने याच येशूपायी आपला संसार मोडलेला पाहिला, तिने वैधव्यातील वर्षे त्याच्या चरित्राच्या ओव्या लिहिण्यात घालविली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे राहिलेले काम मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानपणीचा दत्तू, याने पुरे केले.

माझी वेळ संपत आली आहे. ज्या घरांतून सायंकाळची कौटुंबिक उपासना अजून चालू आहे, त्यांनी ‘स्मृतिचित्रे’तील एखादे प्रकरण पतिपत्नींनी आळीपाळीने मोठ्याने वाचावे, एवढी माझी विनंती आहे. वाचताना मध्येच हसू आले तर पुस्तक खाली ठेवून हसून घ्यावे. उपासनेस त्याने काही बाध येत नाही.