बोइंगचा ताळेबंद



काल याच व्यासपीठावरून एका विद्वान प्राध्यापकांनी संतवाङ्मयाचा रसाळ परामर्श घेतला. आज चिटणीसांनी आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला उभे केले आहे, आणि विषय काय, तर एका परदेशी विमानकंपनीचा वार्षिक हिशेब! पत्रिका वाचून निम्मी मंडळी घरीच राहतील अशी आम्हांला धास्ती होती. आम्ही दहावीला गणितात नापास झालेले आहोत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आकडे आले तरी कोणी बिचकणार नाही.

मग ताळेबंद वाचायला कोठे शिकलात, असे कोणी विचारील. बोनसच्या भांडणात शिकलो. बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशा दोन मर्यादा घातल्या होत्या. त्या दोहोंच्या मधे कामगाराच्या पदरात काय पडायचे, ते कंपनीच्या वाटपयोग्य शिल्लकेवर ठरे. एका ओतकामाच्या कारखान्यात मालकाने छापील कागद आमच्यापुढे टाकला आणि म्हणाला, ‘हा पाहा तोटा. किमान बोनस घ्या आणि कामाला लागा.’ आम्ही तो कागद एका निवृत्त हिशेबनिसांकडे नेला. त्यांनी पहिली पाने उलटलीसुद्धा नाहीत. शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या टिपा काढल्या आणि एका ओळीवर बोट ठेवले. मालकाच्याच घरातल्या तिघांना ‘सल्ल्या’पोटी दिलेली रक्कम तेथे होती. ती तोट्यापेक्षा मोठी होती. तेव्हापासून आमची सवय अशी की, ताळेबंद हाती आला की तो मागून वाचावयाचा. दुसरी सवय अशी की, एका सालाचा कागद कधी एकटा वाचावयाचा नाही.

ओझरच्या विमान कारखान्याबद्दल का बोलत नाही, असेही विचारतील. तेथील मुख्य गिऱ्हाईक आपलेच सरकार. त्या हिशेबाची तऱ्हा निराळी, त्याला निराळी संध्याकाळ हवी. बोइंग आम्ही निवडली ती तिचे कागद सर्वांना वाचावयास मिळतात म्हणून. आणि ती आपल्याला परकी तरी कोठे आहे? नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियाच्या विमानांच्या देखभालीचा जो कारखाना २०१५ साली सुरू झाला, तो बोइंगनेच उभारून दिला. अहमदाबादच्या २०२५ सालच्या अपघाताची आठवण आपणां सर्वांच्या मनात असेलच. त्याची कारणे सांगणे हे चौकशी करणारांचे काम आहे. आम्ही त्यात तोंड घालणार नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. विल्यम बोइंग नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याने १९१६ साली सिअ‍ॅटल येथे ही कंपनी काढली. तिच्या घरात तीन चुली आहेत. एकीवर प्रवासी विमाने, दुसरीवर लष्कराची विमाने, हेलिकॉप्टरे व उपग्रह, आणि तिसरीवर देखभाल, सुटे भाग व प्रशिक्षण. असे अनेक धंदे एका छपराखाली ठेवण्यामागे हेतू हा की, एक चूल विझली तरी दुसरीवर भात शिजावा.

२०२४ साली काय झाले ते पाहा. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी, एवढे ध्यानात ठेवा. एकूण विक्री ६६.५ अब्ज डॉलर, आणि निव्वळ तोटा ११.८ अब्ज डॉलर. प्रवासी विमानांच्या विभागात सुमारे ८ अब्जांचा तोटा, संरक्षण विभागात ५.४ अब्जांचा. देखभालीचा विभाग तेवढा ३.६ अब्ज नफ्यात. म्हणजे दोन्ही मोठ्या चुली विझल्या आणि घर धकले ते दुरुस्तीच्या कामावर. (आपल्या गावातही गॅरेजवाल्याचे सहसा वाईट होत नाही!) आणि त्याच वेळी दारात साडेपाच हजारांहून अधिक विमानांची मागणी उभी, सर्व विभागांच्या मागण्यांची किंमत ५२१ अब्ज डॉलर. गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकान तोट्यात गेले तर ते आपण समजू शकतो. परंतु गिऱ्हाइकांची रांग लागली असताना तोटा येतो, हे काय गौडबंगाल आहे?

त्याचे उत्तर २०२४ च्या कागदांत पुरते सापडत नाही. त्यासाठी २०१८ चे पुस्तक फडताळातून काढावे लागते. ते तर कंपनीचे सोन्याचे वर्ष! ८०६ विमाने गिऱ्हाइकांच्या हवाली केली, विक्री प्रथमच १०० अब्जांच्या पुढे गेली, नफा साडेदहा अब्जांच्या जवळ. धंद्यातून १५.३ अब्ज रोकड हाती आली. त्यांपैकी ९ अब्ज स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यात घातले आणि ३.९ अब्ज लाभांश म्हणून वाटले. शेअर परत घेण्याने बाजारातील शेअरांची संख्या घटते, तोच नफा थोड्या शेअरांवर पडतो, आणि दर शेअरमागचा नफा फुगलेला दिसतो. कारखान्यात एक खिळासुद्धा जास्त ठोकला जात नाही.

त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला लायन एअरचे ७३७ मॅक्स विमान जावाच्या समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा त्यात बसविली होती. ती एकाच संवेदकाच्या भरवशावर चाले, आणि वैमानिकांना तिची माहिती दिलेली नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ डिसेंबरला, संचालक मंडळाने लाभांश २० टक्क्यांनी वाढविला आणि आणखी २० अब्ज डॉलरपर्यंतचे शेअर परत घेण्यास मंजुरी दिली. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचे त्याच जातीचे विमान पडले. आणखी १५७ माणसे गेली. संचालक दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबरात त्यांच्यापुढे जो हिशेब होता तो उत्तमच होता, आणि आमच्या मते भीती वाटावी ती त्याचीच.

२०१९ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष नफ्याचे गेले नाही. सहा वर्षांच्या तोट्याची बेरीज आम्ही हाताने केली. ती सुमारे ३६ अब्ज येते. आणि २०१३ ते २०१९ या काळात शेअर परत घेण्यात घातलेली रक्कम सुमारे ४३ अब्ज होती. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये पैशाची निकड लागली तेव्हा कंपनीने सुमारे २४ अब्ज डॉलरचे नवे शेअर विकले. चांगल्या दिवसांत महाग भावाने घ्यावयाचे आणि वाईट दिवसांत स्वस्तात विकावयाचे, असा व्यापार मंडईतला भाजीवालाही करणार नाही.

२०२५ च्या कागदावर पुन्हा सुमारे २ अब्जांचा नफा दिसला, तेव्हा कित्येकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आम्ही सवयीप्रमाणे मागची पाने उलटली. वैमानिकांसाठी हवाई नकाशे तयार करणारा जेपसेन हा भरवशाचा धंदा त्या साली साडेदहा अब्जांना विकलेला होता. तो नफा वगळला तर वर्ष तोट्याचेच राहते. पितळेची भांडी मोडीत घालून सण साजरा झाला, एवढेच.

आता बारीक अक्षरातली एक गोष्ट सांगतो. ती कळली तर पुष्कळ कळले. दिवाळीच्या चकल्यांचा पहिला घाणा कसा निघतो ते भगिनींना ठाऊक आहे. पीठ नीट मळलेले नसते, तेल तापलेले नसते, चकल्या तुटतात. हात बसला की पुढचे घाणे झरझर निघतात. विमानाचेही तसेच आहे. पहिली विमाने भयंकर महाग पडतात आणि पुढची स्वस्त होतात. म्हणून ही कंपनी प्रत्येक विमानाचा खरा खर्च त्या त्या वेळी नफा-तोट्यात दाखवीत नाही. एका जातीची इतकी विमाने विकली जातील असा अंदाज बांधते, सर्वांची सरासरी काढते, आणि सुरुवातीचा जादा खर्च पुढच्या विमानांच्या नावावर लोटते. ७८७ विमानाच्या बाबतीत हा लोटलेला खर्च एके काळी २८ अब्जांच्या घरात गेला होता. यात लबाडी आहे असे नाही. नियमाला धरूनच आहे. परंतु त्यात एक गृहीत धरलेले असते, ते म्हणजे हात बसणार आणि बसलेला हात टिकणार. कामगाराच्या हाताला त्या कागदात रकाना नाही, पण सारा हिशेब त्याच्यावर उभा आहे. करोनाच्या काळात हजारो जुनी माणसे कंपनीतून बाहेर पडली. तो पगार वाचला, आणि वाचलेला पगार त्या सालच्या कागदावर खर्चातली काटकसर म्हणूनच दिसणार.

संरक्षणाच्या चुलीची गत थोडक्यात सांगतो. हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानांचे कंत्राट २०११ साली ठराविक किमतीला घेतले. त्यावर आजवर ७ अब्जांहून अधिक तोटा झाला आहे. राष्ट्राध्यक्षांच्या दोन विमानांचे कंत्राट २०१८ साली ३.९ अब्जांना घेतले. तेथेही तीच कथा. आपल्याकडचा कंत्राटदार कमी दराचे टेंडर भरतो आणि मग सिमेंटमध्ये वाळू वाढवितो. येथे सरकारी तपासनीस उभा असल्यामुळे वाळू वाढविता येत नाही, तोटा गिळावा लागतो.

५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सचे एक नवे कोरे ७३७ आकाशात असताना त्याच्या बाजूचा दारबंद करणारा तुकडा निखळून पडला. सुदैवाने कोणी दगावले नाही. तपासात आढळले की तो तुकडा जागेवर धरणारे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते. विमानाचा सांगाडा विचिटा येथील ज्या कारखान्यातून येई तो एकेकाळी बोइंगचाच. २००५ साली तो विकून टाकला होता. सांगाड्यात सदोष रिबिटे निघाली, ती दुरुस्त करण्यासाठी रेन्टनच्या कारखान्यात हा तुकडा काढला, आणि तो काढल्याची नोंदच कोठे नव्हती. नोंद नाही म्हणून तपासणी नाही. त्यानंतर सरकारने ७३७ चे उत्पादन महिन्याला ३८ वर रोखले. पुढे तो विकलेला विचिटाचा कारखाना परत घेण्याचा करार कंपनीने त्याच वर्षी केला. चार बोल्टांची किंमत काय असेल, याचा विचार आमच्यासारख्या फिटरच्या पोराच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

राहता राहिला संप. १३ सप्टेंबर २०२४ ला सिअ‍ॅटलच्या परिसरातील ३३,००० कामगार बाहेर पडले. कंपनीने चार वर्षांत २५ टक्के पगारवाढ देऊ केली होती. जवळजवळ ९५ टक्के मतांनी ती फेटाळली गेली. मग ३५ टक्के आले, तेही फेटाळले. ५३ दिवसांनी ३८ टक्क्यांवर ५९ टक्के मते पडली आणि संप मिटला. वर्तमानपत्रांनी लिहिले की, संपामुळे कंपनी बुडाली. संपाने नुकसान झाले हे आम्ही नाकारीत नाही. नुकसान होत नसेल तर तो संप कसला? परंतु संप सुरू होण्यापूर्वीच्या पाच वर्षांच्या तोट्याला कोणता संप कारण होता?

आणि त्या कामगारांचा राग केवळ पगाराचा नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये, नवे ७७७-एक्स विमान दुसऱ्या राज्यात नेण्याचा धाक घातला गेला तेव्हा, अगदी थोड्या मताधिक्याने त्यांनी आपली जुनी पेन्शन सोडली होती. कंपनी शेअर परत घेत होती तीच ही वर्षे. दहा वर्षांनी ती पेन्शन मागण्यासाठी ते उभे राहिले. ती मिळाली नाही. शेवटच्या करारातही नाही. मतदानात विरुद्ध गेलेले ४१ टक्के कोण होते, ते येथे बसलेल्या जुन्या कामगारांना सांगावयास नको.

संप मिटल्यावर दुसऱ्याच दिवशी पट्टा सुरू झाला असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. माणसे १२ नोव्हेंबरपर्यंत कामावर परतली, परंतु ७३७ चे काम सुरू झाले ते डिसेंबरात, जवळजवळ महिन्याने. कोणाच्या कामाच्या परवान्याची मुदत संपली आहे ते पाहिले, सुरक्षिततेचे धडे पुन्हा दिले, सुटे भाग मोजले. त्या महिन्याचा सारा खर्च २०२४ च्या तोट्यात मिळालेला आहे. वेगळा काढून दाखविलेला नाही. आमच्या हाती लेखणी असती तर त्या एवढ्या ओळीखाली आम्ही लाल रेघ ओढली नसती.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. कोणाला आकडे पुन्हा हवे असतील तर आमची वही येथे टेबलावर ठेवतो. अक्षर मात्र सांभाळून घ्यावे.