कुंभार्ली घाटातून तुरळच्या कुंडापर्यंत

सांगली-साताऱ्याकडची मंडळी कोकणात निघाली की कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरतात. चालवणाऱ्याचं लक्ष वळणावरच हवं. पण बाकीच्यांनी रस्त्यासाठी तासलेल्या कड्याकडे नीट बघावं.

काळ्या खडकाचे थर एकावर एक चढलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. दोन थरांमध्ये कुठं विटकरी पट्टा दिसला, तर ती मधल्या शांत काळात झिजलेल्या खडकाची माती, वरून आलेल्या लाव्ह्यानं भाजलेली. खडकात बारीक भोकं असतात. ते अडकलेल्या वायूचे बुडबुडे. काहींत नंतर पांढरे स्फटिक भरले, हात लावला की खरखरीत लागतात.

हा खडक खाली किती खोल असेल? उत्तर मिळालं ते एका भूकंपाच्या निमित्तानं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप कोयनाकाठ कधी विसरणार नाही. तिथल्या भूकंपांचं मूळ शोधायला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, ते २०१७ मध्ये पुरं झालं. सव्वा किलोमीटरपर्यंत हाच काळा खडक, आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, कितीतरी जुना. मला ही गोष्ट फार थरारक वाटते.

घाट उतरून चिपळूणहून गोव्याच्या वाटेला लागलं, की आरवली, तुरळ, राजवाडी इथं गरम पाण्याची कुंडं आहेत. पुष्कळांना वाटतं, खाली अजून ज्वालामुखी धगधगतोय. तसं नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. अशी कुंडं वज्रेश्वरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत, किनारपट्टीला धरून आहेत. तुरळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा थेट त्यात उतरू नका, लहान मुलांना तर मुळीच उतरवू नका. पाणी बाजूला काढून निवू द्या, मगच अंगावर घ्या.

आणि कळकळीची विनंती: कुंडात साबण लावू नका, कपडे धुऊ नका. गावातली माणसं रोज तिथं येतात, शेजारी देवही आहे. पावसाळ्यात घाटात दरडी येतात. दिवाळीनंतर निघा, आणि घाट उजेडात उतरा.