नगररचनेत रहिवाशांचा वाटा



लालबागच्या गणपतीला नवस बोलायला आज लाखो माणसे येतात. परंतु तो गणपतीच मुळी एका नवसातून उभा राहिला, आणि तो नवस पुत्रपौत्रांसाठी नव्हता, बाजाराच्या जागेसाठी होता, हे त्या रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल? १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळी आणि लहानसहान विक्रेते उघड्यावर आले. हक्काची जागा मिळू दे, असे साकडे त्यांनी गजाननाला घातले. स्थानिक पुढाऱ्यांनी खटपट केली, जागेच्या मालकाने भूखंड दिला, आणि १९३४ साली तेथे गणपती बसला. याला धर्म म्हणावे की नगररचना? मला तरी तेथे दोहोंमध्ये भिंत दिसत नाही.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताला ती दिसली नसती. हे गृहस्थ १९१९ ते १९२४ पर्यंत आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत होते. त्याआधी होळकरांच्या इंदुरात ते नगररचनेसाठी गेले, तेव्हा गावाला प्लेगने ग्रासले होते. त्यांनी फर्माने काढली नाहीत. दिवाळीला मिरवणूक निघेल, आणि ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत अधिक झाडलेली, सारवलेली, दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्याने ती जाईल, असे जाहीर केले! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमाही होती. मिरवणूक आपल्या दारावरून जावी यासाठी माणसे काय काय करतात, हे गिरगावकरांना मी सांगायला नको. गाव कामाला लागले.

आता अलीकडचे पहा. २०३४ पर्यंतच्या मुंबईचा विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशावर उभ्या इमारतींतून रस्ते गेले होते, काही वारसावास्तू गळाल्या होत्या. या चुका कोणी काढल्या? तज्ज्ञांनी काढल्याच, पण ज्याला आपल्या गल्लीचे वळण पायाने ठाऊक आहे अशा रहिवाशानेही काढल्या. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये सरकारने आराखडा दुरुस्तीला परत पाठविला; नवा मसुदा २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये मंजूर झाला. चूक उघडकीस आली हे खरे, पण माणसांना विचारले गेले ते नकाशा काढून झाल्यावर!

मात्र रहिवासी नेहमी वारशाच्या बाजूने उभा राहतो, अशी भाबडी समजूत करून घेऊ नका. २०१२ मध्ये वारसावास्तूंच्या वाढीव यादीत शिवाजी पार्कचा परिसर आला, तेव्हा विरोध केला तो तिथल्याच रहिवाशांनी. त्यांना मी दोष देत नाही. छपरातून पाणी गळते, डागडुजीचा खर्च मालकाला भाड्यातून निघत नाही, पुनर्बांधणी करावी तर समितीची परवानगी. मग 'वारसा' हा शब्द त्याच्या कानाला नोटिशीसारखाच वाजणार. खोताच्या वाडीत एके काळी ६५ च्या आसपास घरे होती, आज तिशीच्या आत उरली आहेत. घर राखणाऱ्याने ते स्वतःच्या पदरच्या खर्चाने राखायचे, आणि आपण रविवारी जाऊन छायाचित्रे काढायची!

बीडीडी चाळींचेही तसेच. १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास यांचे गोडवे गाणारा बहुधा तिथे राहिलेला नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, याचा मला आनंद आहे. पण चाळीची गॅलरी म्हणजे निव्वळ जाण्यायेण्याची वाट नव्हे. तिथे पापड वाळत, मुले अभ्यास करीत, म्हातारी माणसे दिवस काढीत. चाळिसाव्या मजल्यावर ही म्हातारी माणसे बसणार कुठे? मंडळाची खोली कुठे, व्यायामशाळा कुठे? हे प्रश्न पाया खणण्याआधी विचारायचे असतात.

माझी सूचना साधी आहे. आपल्या प्रभागाचा नकाशा मोठा करून, मराठीत नावे घालून, गणपतीच्या मंडपात दहा दिवस टांगा. शेजारी एक पेन्सिल बांधून ठेवा. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने आपले घर शोधावे, आणि जिथे चुकले असेल तिथे खूण करावी. अकराव्या दिवशी मूर्ती चौपाटीकडे जाईल, तो नकाशा मात्र वॉर्ड ऑफिसात घेऊन जा.