शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि वृद्धांचे भान

घरातील वयोवृद्ध आजी न्हाणीघरात पाय घसरून पडतात. खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते, हाड नीट बसल्याचे डॉक्टर सांगतात. सारे निश्चिंत होतात. आणि दुसऱ्याच रात्री आजी मुलाला ओळखत नाहीत, सलाइनची नळी ओढून काढतात, दारात गाई उभ्या आहेत म्हणून उठू पाहतात. जुनी माणसे यास 'वात झाला' असे म्हणत. वैद्यकशास्त्रात यास डिलिरियम म्हणतात. घरच्यांच्या मनात मात्र वेड हाच शब्द येतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे.

हा मेंदूचा अकस्मात उद्भवणारा गोंधळ होय. तो दिवसभरात कमी-अधिक होतो व बहुधा रात्री बळावतो. काही रुग्ण मुळीच गडबड करीत नाहीत. निपचित पडून राहतात. 'आजोबा विश्रांती घेत आहेत' या समजुतीने त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, ते अधिक घातक.

सर्वसाधारणपणे दोष भुलीला दिला जातो. १९५५ साली ब्रिटनमधील डॉ. बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये लेख लिहून या प्रश्नाकडे लक्ष वेधले, तेव्हापासून ही शंका आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढील १२१८ रुग्णांच्या स्मरणाच्या व एकाग्रतेच्या चाचण्या घेण्यात आल्या. आठवड्यानंतर सुमारे २६ टक्के रुग्णांत घट आढळली. तीन महिन्यांनी ती सुमारे १० टक्क्यांवर आली. म्हणजे बहुतेक जण सावरतात. पुढे २०२१ साली खुब्याच्या रुग्णांत पाठीतील भूल व पूर्ण भूल यांची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गटांत साधारण पाचांपैकी एकाला डिलिरियम झाला. भुलीचा प्रकार बदलून प्रश्न सुटला नाही.

मग लक्ष कोठे द्यावे? वेदनेकडे. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खुब्याच्या रुग्णांवरील अभ्यासात, आधी भान उत्तम असलेल्या ज्या वृद्धांची तीव्र वेदना शमविली गेली नाही, त्यांना डिलिरियम होण्याचा धोका सुमारे नऊपट आढळला. मॉर्फिन अत्यल्प मिळालेले रुग्णच अधिक भ्रमिष्ट झाले होते! 'इंजेक्शनाने गुंगी येईल' या भीतीने वेदनाशामक नाकारणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानी घ्यावे. अर्थात औषधांची निवड महत्त्वाची. पेथिडिन आणि झोपेच्या गोळ्या वृद्धांत भ्रम वाढवितात. ठरल्या वेळी दिलेले पॅरासिटामॉल व मांडीच्या मज्जातंतूजवळ दिलेले बधिरतेचे इंजेक्शन यांमुळे मॉर्फिनची गरज कमी होते.

समाजातील ज्येष्ठ सोशिक असतात. 'दुखते का?' असे विचारल्यास 'फारसे नाही' असेच उत्तर येते. म्हणून कुशीवर वळताना, खोकताना किती दुखते ते विचारावे, चेहऱ्याकडे पाहावे.

आणखी एक नाजूक बाब. चौविहार पाळणारे ज्येष्ठ सूर्यास्तानंतर पाणी वा गोळी घेत नाहीत. हा नियम शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञांना सांगितला, तर गोळ्यांच्या वेळा दिवसा बसविता येतात व रात्रीसाठी शिरेवाटे औषध-पाण्याची योजना करता येते. ती नियमात बसते का, हे त्या ज्येष्ठांशी व गुरुजनांशी आधीच बोलून घ्यावे. आयत्या वेळी कळल्यास ती सारी रात्र वेदनेत व तहानेत जाते, आणि शरीरातील पाणी कमी होणे हेही भ्रमाचे एक कारण आहे.

चष्मा, श्रवणयंत्र व कवळी शस्त्रक्रियेनंतर लगेच परत द्यावी. ती पिशवीत राहिली तर वृद्ध माणूस अनोळखी जागी आंधळा-बहिरा होतो. उशाजवळ ओळखीचा माणूस असावा. वार, वेळ, ठिकाण शांतपणे सांगावे, वाद घालू नये. रात्री दिवे मंद ठेवावेत. डॉक्टरांच्या अनुमतीने लवकर उठवून बसवावे. भ्रम अचानक आल्यास वेदनेबरोबरच तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, रक्तातील प्राणवायू व सोडियम यांचीही तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी. घरी परतल्यावर तीन महिन्यांनीही हिशेब, नावे वा नित्यपाठ विसरत असल्यास 'वय झाले' म्हणून न सोडता पुन्हा तपासणीस न्यावे.