जाणारे आणि राहणारे

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत, कुडपण नावाचे गाव आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या मागे कोंढाण्यावर झुंजलेल्या शेलारमामांचे गाव म्हणून त्याचा लौकिक. पावसाळ्यात तेथील कड्यांवरून कोसळणारे धबधबे पाहण्यास शहरांतून मंडळी जातात, धुक्यात छायाचित्रे काढतात आणि दिवस मावळण्याच्या आत घाट उतरतात. ह्यात वावगे काहीच नाही. परंतु श्रोतेहो, आज मला गोरगरिबांच्या सेवेविषयी बोलावयाचे आहे, आणि त्या विषयाचे मर्म ह्या येण्याजाण्यातच दडलेले आहे. म्हणून आरंभ कुडपणपासून केला.

ह्या डोंगराळ मुलखाची तऱ्हा मोठी विलक्षण आहे. आषाढात पाऊस असा कोसळतो की डोंगर खचतात, आणि वैशाखात त्याच डोंगरांतील कित्येक वाड्यांना पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. कर्ती माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरतात. 22 जुलै 2021 रोजी शेजारच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखरसुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. अशा प्रसंगी समाजाचे हृदय हेलावते, हात सैल सुटतात. पण मदतीच्या गाड्या परत फिरतात. दुःख मात्र मुक्कामाला राहते. मग त्याच्या सोबतीला कोणी राहावयाचे?

हा प्रश्न नवा नाही. कॅथलिक समाजाने त्याचे उत्तर दोन मार्गांनी शोधले आहे. पहिला मार्ग स्वयंसेवकाचा. म्हणजे घरसंसार, नोकरी सांभाळून आपल्या वेळाचा वाटा गरिबांसाठी काढणाऱ्याचा. दुसरा व्रतस्थाचा, म्हणजे ज्यास दैवी पाचारण झाले अशी श्रद्धा आहे, आणि जो दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन सारे आयुष्यच देऊन टाकतो, त्याचा.

ह्या दोन मार्गांची गाठ कशी पडते हे पाहण्यासाठी क्षणभर पॅरिसला जाऊ. 1833 साली तेथे फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. “तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो?” असा टोमणा त्याला वादविवादात ऐकावा लागला. तो शब्द त्याच्या जिव्हारी लागला. चारदोन मित्र जमवून त्याने गरिबांच्या घरी प्रत्यक्ष जाण्याचा नेम धरला, आणि त्यातूनच पुढे जगभर पसरलेली संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी जन्मास आली. परंतु ह्या उत्साही तरुणांना जावयाचे कोणाच्या दारी हेच ठाऊक नव्हते! ते त्यांना दाखविले रोझली रांदू नावाच्या धर्मभगिनीने. शहरातील मूफ्तार ह्या दरिद्री वस्तीत पन्नासांहून अधिक वर्षे तिने काढली होती ती 1856 मध्ये तिचा देह पडेपर्यंत. कोणत्या खोलीत चूल पेटलेली नाही, हे तिला विचारावे लागत नसे. जाणाऱ्याला दार सापडते ते राहणाऱ्यामुळे.

आपल्या महाराष्ट्रात ह्याचे एक ठळक उदाहरण आहे. फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे, येशूसंघाचे धर्मगुरू. ते 1948 साली भारतात आले आणि त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अनेक दशके राहिले. 1972 चा दुष्काळ त्यांनी लोकांबरोबर पाहिला. पुढे जर्मनीच्या साहाय्याने पाणलोट विकासाचे मोठे काम त्यांनी उभारण्यास हातभार लावला, आणि 1993 साली त्या कामासाठी एक स्वतंत्र संस्थाही निघाली. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर खणावयाचे, बांध घालावयाचे, झाडे लावावयाची, आणि धावणाऱ्या पाण्याला चालावयास व चालणाऱ्याला थांबावयास लावावयाचे, असे त्या कामाचे स्वरूप.

परंतु पैसा आला म्हणजे काम होते, असे नाही. ह्या योजनेत गावाने श्रमदान करावयाचे होते, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावयाची होती. ज्याचा चरितार्थ चार शेळ्यांवर आहे, त्याने डोंगरावर शेळी सोडू नये, हे सांगणे किती कठीण! असे सांगणाऱ्यावर गरीब विश्वास ठेवतो तो त्याच्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर त्याने आपल्याबरोबर उन्हाळे काढलेले असतात म्हणून.

मात्र व्रतस्थांनाही मर्यादा असतात. सिस्टर लूसी कुरियन ह्यांची हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. 1991 मध्ये पुण्यात एक गर्भवती स्त्री पतीच्या भयाने त्यांच्याकडे आसरा मागण्यास आली. रात्री ठेवून घेण्याची सोय नव्हती. उद्या काही करू, असे सांगून त्यांनी तिला परत पाठविले. त्याच रात्री पतीने तिला पेटवून दिले. ती वाचली नाही, पोटातले मूलही वाचले नाही. त्या एका ‘उद्या’चे शल्य सिस्टरांच्या मनातून गेले नाही. 1997 साली पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे त्यांनी ‘माहेर’ हे आश्रयस्थान उघडले. सासरी पोळलेल्या मराठी स्त्रीला ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे एक शंका घेतली जाते : ह्या सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतू नसेल ना? शंका विचारण्याचा हक्क समाजाला आहे, आणि ती टाळण्याने सेवेचे भले होत नाही. माझे उत्तर एवढेच की, सेवेची परीक्षा तिच्या परिणामावरून व्हावी. ‘माहेर’ सर्व धर्मांच्या स्त्रियांना आणि मुलांना आपल्या छायेत घेते. बांधाआड अडलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरावयाचे हे धर्म विचारून ठरवीत नाही. जी सेवा मोबदल्यात मनुष्याची श्रद्धा मागते, ती सेवा नव्हे, सौदा होय. आणि हे कोणत्याही धर्माच्या सेवकाने विसरू नये.

आता आपला, घरी बसून हे ऐकणाऱ्यांचा, विचार करू. आपल्यापैकी फारच थोड्यांना आयुष्य वाहून टाकण्याचे पाचारण होईल, आणि तसे न होण्यात कमीपणाही नाही. परंतु जाणाऱ्याचे कर्तव्य आपणांस चुकलेले नाही. डोंगरातील गावी धान्याची गाडी नेण्यापूर्वी तेथे कोण राहते ह्याचा आपण शोध घ्यावा. तेथील शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती हेही एका अर्थी राहणारेच. त्यांस विचारावे, त्यांचे ऐकावे. आणि मुख्य म्हणजे, एकदा जाऊन थांबू नये.

कुडपणचा धबधबा श्रावणात कोणालाही बोलावतो. वैशाखात, जेव्हा तो कडा कोरडा पडतो आणि पाहण्यासारखे तेथे काही उरत नाही, तेव्हा जो ओळखीच्या दारी पुन्हा जाईल, त्याने सेवेची पहिली पायरी चढली असे मी समजेन.